मोटारीतील संदेशवहन व त्यातील दोषांचा शोध

मोटारगाडीची किल्ली फिरविताच चालकासमोरील फलकावर तांबड्या व पिवळ्या रंगांचे काही लहान दिवे लागतात आणि थोड्याच वेळात विझतात. ही गाडीने स्वतःची केलेली तपासणी होय. दिवा लागला म्हणजे तो शाबूत आहे हे कळते; तो विझला म्हणजे ज्या यंत्रणेचा तो दिवा, तिने आपण ठीक असल्याचे कळविले असा अर्थ होतो. क्वचित एखादा दिवा विझत नाही. हा दिवा चाके जखडू न देणाऱ्या ब्रेकयंत्रणेचा, म्हणजे एबीएसचा, आहे असे समजू. गाडी चालते, ब्रेकही लागतात. त्यामुळे कित्येक मालक महिनोन्‌महिने तिकडे लक्ष देत नाहीत. शेवटी गाडी गॅरेजमध्ये जाते. कारागीर स्कॅनर जोडतो आणि त्याच्या पडद्यावर ‘यू०१२१’ असा संकेतांक उमटतो. ‘एबीएस नियंत्रकाशी संपर्क तुटला’ असा त्याचा अर्थ. कारागीर नियंत्रक बदलावयास सांगतो. हा भाग चांगलाच महाग असतो. तो बदलला जातो, आणि दिवा पूर्वीप्रमाणेच जळत राहतो.

असे का घडते, व ते घडू नये म्हणून कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने पाहाव्यात, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम मोटारीतील नियंत्रक एकमेकांशी बोलतात कसे, हे पाहिले पाहिजे.

दोन तारा आणि अनेक बोलणारे

आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, सुकाणू, दारे व दिवे ह्यांसाठी निरनिराळे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतात. कारागीर त्यांस ‘मॉड्यूल’ म्हणतात. प्रत्येक नियंत्रक हा एक लहानसा संगणकच होय. परंतु एकाजवळची माहिती दुसऱ्यालाही हवी असते. चाकांचा वेग एबीएसचा नियंत्रक मोजतो, आणि तोच वेग पुष्कळ गाड्यांत फलकावरील वेगदर्शकाला, इंजिनाला आणि विजेवर चालणाऱ्या सुकाणूलाही लागतो. प्रत्येक माहितीसाठी वेगळी तार ओढावयाची म्हटली, तर तारांचा भारा इतका वाढतो की त्याचे वजन, त्याची किंमत व त्यातील सांधे ह्या तिन्ही गोष्टी डोईजड होतात. त्यातही सांधे अधिक. कारण तार मध्येच सहसा तुटत नाही, बिघाड होतो तो बहुधा सांध्यापाशी.

जर्मनीतील बॉश कंपनीच्या अभियंत्यांनी १९८३ मध्ये ह्या प्रश्नावर काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे मोटार-अभियंत्यांच्या परिषदेत आपली पद्धती मांडली. पुढील वर्षी तीसाठी लागणारी पहिली इलेक्ट्रॉनिक चिप तयार झाली आणि १९९३ मध्ये ही पद्धती ‘आयएसओ ११८९८’ ह्या आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झाली. ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ हे तिचे नाव; संक्षेपाने ‘कॅन’.

कॅन पद्धतीत सर्व नियंत्रक एकाच तारजोडीवर असतात. दोन तारा एकमेकींस पीळ घालून नेलेल्या असतात. एकीस ‘हाय’ व दुसरीस ‘लो’ म्हणतात. कोणी बोलत नसते तेव्हा दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट दाब असतो. नियंत्रकास ‘०’ हा अंक पाठवावयाचा असला म्हणजे तो हाय तार ३.५ व्होल्टपर्यंत उचलतो व लो तार १.५ व्होल्टपर्यंत खाली ओढतो. ‘१’ पाठवावयाचा असता तो दोन्ही तारा मोकळ्या सोडतो. ऐकणारे नियंत्रक दोन तारांवरील दाबांची वजाबाकी करतात. २ व्होल्ट आले तर शून्य, काहीच न आले तर एक. इंजिनातील ठिणग्यांमुळे किंवा मोटरीमुळे बाहेरून काही विद्युत्‌-गोंगाट आलाच, तर पिळामुळे तो दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो व वजाबाकीत नाहीसा होतो. म्हणून उंदराने कुरतडलेली तार जोडताना पीळ उलगडून दोन तारा लांबवर सुट्या सोडणे बरे नव्हे. तार जोडली जाते, परंतु तिचे संरक्षण जाते.

मोटारीतील महत्त्वाच्या कॅनवर हे अंक बहुधा सेकंदाला पाच लक्ष ह्या वेगाने धावतात, म्हणजे एका अंकास अवघे २ मायक्रोसेकंद मिळतात. प्रत्येक संदेशाच्या आरंभी त्याचा ओळख-क्रमांक, नंतर जास्तीत जास्त ८ बाइट माहिती आणि शेवटी ती माहिती वाटेत बिघडली नाही ना, हे पडताळण्यासाठी एक हिशेबी संख्या असते. पत्ता नसतो. संदेश सर्वांना ऐकू जातो व ज्याला हवा तो तो घेतो. दोघे एकदमच बोलू लागले तर काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. बोलणारा प्रत्येक नियंत्रक तारेवर काय चालले आहे तेही ऐकत असतो. त्याने एक पाठविला आणि तारेवर शून्य दिसले, तर आपल्याहून महत्त्वाचा कोणी बोलत आहे असे ओळखून तो गप्प बसतो. लहान क्रमांकाचा संदेश अशा रीतीने अजिबात न अडता पुढे जातो. ही व्यवस्था फार सुंदर आहे. तिच्यात पंचाची गरजच ठेवलेली नाही.

परंतु नियंत्रकाच्या गप्प बसण्याचा आणखी एक प्रकार आहे, व तो आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. प्रत्येक नियंत्रक आपल्या चुकांची मोजदाद ठेवतो. पाठविलेला संदेश फसला की हिशेबात ८ वाढतात. नीट पोचला की १ कमी होतो. बेरीज २५५ च्या वर गेली की आपणच सर्वांच्या बोलण्यात व्यत्यय आणीत आहोत असे समजून नियंत्रक स्वतःस तारेपासून अलग करतो, जणू स्वतःलाच वाळीत टाकतो. तार सतत दूषित असेल, तर बत्तीस वेळा लागोपाठ फसणे एका सेकंदाच्या शंभराव्या भागातही होऊ शकते. म्हणजे पुष्कळदा गप्प झालेला नियंत्रक बिघडलेला नसतो. बिघडलेल्या तारेवर त्याने शिस्त पाळलेली असते.

गैरहजेरीची नोंद

आता संकेतांकाकडे वळू. मोटारीच्या दोषांचे संकेतांक चार अक्षरांनी सुरू होतात. ‘पी’ हे इंजिन व शक्तिवहनाचे, ‘सी’ हे ब्रेक-सुकाणूसह खालच्या सांगाड्याचे, ‘बी’ हे वरच्या शरीराचे, आणि ‘यू’ हे संदेशवहनाचे अक्षर. ह्यांतील ‘यू’ वेगळ्या जातीचा आहे. इतर संकेतांक बहुधा ज्याचा दोष त्याच्याच स्मृतीत नोंदलेले असतात. संपर्क तुटल्याची नोंद मात्र इतरांनी केलेली असते. एबीएसच्या नियंत्रकाकडून चाकांच्या वेगाचा संदेश दर काही मिलिसेकंदांनी यावयाचा असतो. तो ठरलेल्या वेळात आला नाही, की इंजिनाचा नियंत्रक आपल्या वहीत ‘यू०१२१’ लिहितो. एअरबॅगच्या नियंत्रकाचा आवाज आला नाही तर ‘यू०१५१’.

शाळेतील हजेरीपटाचे उदाहरण येथे घेता येईल. गुरुजी एका मुलाच्या नावापुढे गैरहजेरी मांडतात. त्यावरून मुलगा आजारी आहे असे ठरत नाही. तो आजारी असेल, त्याला घरी अडकवून ठेवले असेल, किंवा वाटेतील ओढ्याला पूर आला असेल. एकाच वाडीतील पाचही मुले त्या दिवशी नसतील, तर पाचांना ताप आला असे कोणी म्हणणार नाही. ओढ्याकडेच पाहावयास माणूस जाईल. मोटारीचेही तसेच आहे. म्हणून स्कॅनर जोडल्यावर एका संकेतांकाशी थांबू नये. गाडीतील प्रत्येक नियंत्रकास स्कॅनरने हाक मारावी, कोण उत्तर देतो व कोण देत नाही ह्याची कागदावर दोन रकान्यांत यादी करावी, आणि कोणी कोणाविरुद्ध नोंद केली आहे तेही लिहावे. एकटा एबीएस गप्प असेल तर दोष त्याच्यात, त्याच्या विजेत, त्याच्या अर्थिंगमध्ये किंवा त्याच्यापर्यंत जाणाऱ्या फाट्यात आहे. तिघे-चौघे गप्प असतील तर त्या तिघा-चौघांना समाईक असे काय आहे, ते गाडीच्या विद्युत्‌-नकाशात शोधावे: एखादा फ्यूज, पत्र्यावरील एखादा बोल्ट, एखादा सांधा. सगळेच गप्प असतील तर मुख्य तारजोडीच दोषी असण्याचा संभव मोठा.

ही यादी होण्यापूर्वी संकेतांक पुसू नयेत. पुसल्याने दिवा काही वेळ विझतो, गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते, आणि पुरावा नाहीसा होतो. काही ठिकाणी ह्याहूनही वाईट प्रकार आढळतो. गाडी विकावयाची असता फलकावरील दिवाच काढून टाकतात. किल्ली फिरविताना तो दिवा एकदाही लागत नसेल, तर जुनी गाडी घेणाऱ्याने सावध व्हावे.

आधी वीज, मग अर्थिंग, मग तारा

ह्या क्रमास कारण आहे. ज्या नियंत्रकास वीजच मिळत नाही त्याच्या बोलण्याचा विचार करणे व्यर्थ होय. तेव्हा प्रथम त्याच्या फ्यूजच्या दोन्ही बाजूंस बॅटरीचा दाब आहे का, व तोच दाब नियंत्रकाच्या सांध्यापर्यंत पोचतो का, हे पाहावे. फ्यूज काढून नुसता डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही.

अर्थिंगचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे, कारण सर्वांत अधिक फसवणूक येथे होते. मोटारीत बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतीचा प्रवाह बहुधा गाडीच्या पत्र्यातून जातो. तार पत्र्यावर बोल्टने कसलेली असते. पावसाचे पाणी, चिखल व समुद्रकाठची खारी हवा ह्यांमुळे त्या बोल्टखाली गंज धरतो. समजा, गंजामुळे तेथे ०.२ ओहम रोध निर्माण झाला. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांतच इतका रोध असू शकतो. त्यामुळे रोध मोजणाऱ्यास तेथे काहीच दोष दिसत नाही. परंतु एबीएसचा पंप सुरू झाला आणि त्याने २० अँपिअर प्रवाह घेतला, की ओहमच्या नियमाप्रमाणे त्या बोल्टवर २० गुणिले ०.२, म्हणजे ४ व्होल्ट दाब पडतो. नियंत्रकाच्या वाट्याला १२ ऐवजी ८ व्होल्टच राहतात. शिवाय त्याचे शून्यच ४ व्होल्टांनी वर उचलले जाते. त्याने हाय तारेवर ३.५ व्होल्ट म्हणून जे मांडले, ते इतरांच्या दृष्टीने ७.५ व्होल्ट ठरते. मानकाप्रमाणे ऐकणाऱ्याने उणे २ ते अधिक ७ व्होल्ट एवढ्या पट्ट्यातील संदेश वाचावयाचे असतात. त्यापलीकडचा संदेश वाचला जाईलच अशी खात्री नसते.

आता ह्या दोषाचे स्वरूप पाहा. गाडी उभी असताना सर्व ठीक असते. पुष्कळ गाड्यांत एबीएस आपल्या पंपाची क्षणभर चाचणी घेतो ती गाडी नुकतीच चालू लागल्यावर. नेमका तेव्हा संपर्क तुटतो व दिवा लागतो. किंवा चालक निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबतो, म्हणजे ज्या क्षणी एबीएसची खरी गरज असते त्याच क्षणी तो मुका होतो. नवा नियंत्रक बसविला तरी बोल्ट जुनाच राहतो. प्रारंभी सांगितलेल्या गाडीचा दिवा का विझला नाही, ह्याचे एक उत्तर वाचकांस येथे मिळाले असेल.

म्हणून अर्थिंगची परीक्षा प्रवाह वाहत असतानाच करावी. मल्टिमीटर दाबावर लावावा, एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरे नियंत्रकाच्या अर्थिंगच्या पिनेवर ठेवावे, आणि स्कॅनरच्या आज्ञेने पंप चालवावा. दाब ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी राहिला तर अर्थिंग चांगले. १-२ व्होल्ट दिसले तर बोल्ट काढून पत्रा व टोक चकचकीत घासावे, पुन्हा कसून वरून गंजरोधक लेप द्यावा. ह्या कामास काच-कागदाचा एक तुकडा पुरतो.

वीज व अर्थिंग ठीक निघाल्यावर तारांकडे वळावे. कॅनच्या मुख्य तारजोडीच्या दोन्ही टोकांस हाय व लो ह्यांच्यामध्ये प्रत्येकी १२० ओहमचा रोधक जोडलेला असतो. तो नसेल तर संदेशाच्या लहरी टोकावर आपटून परततात व मागून येणाऱ्या अंकांत मिसळतात. दोन रोधक समांतर असल्याने मोजणाऱ्यास ६० ओहम दिसावयास हवेत. शाळेतील प्रयोगशाळेत हे सहज दाखविता येईल. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानातून १२० ओहमचे तीन रोधक आणावेत, दोन तारांच्या टोकांना एकेक जोडावा आणि मध्ये कोठेही मीटर लावावा, ६० दिसतील. मीटर व एक रोधक ह्यांच्या मधली तार कापावी, १२० दिसतील. तिसराही समांतर जोडावा, ४० दिसतील. एवढा प्रयोग केलेल्या विद्यार्थ्यास पुढील परिच्छेद वाचण्याचीही फारशी गरज राहणार नाही.

चालकाच्या पायांवरच्या बाजूस, फलकाखाली, १६ पिनांचे तपासणी-सॉकेट असते. त्यातील ६ क्रमांकाची पिन हाय तारेची व १४ क्रमांकाची लो तारेची. बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबावे, कारण तारांवर दाब असताना मोजलेला रोध खोटा येतो. नंतर ह्या दोन पिनांमधील रोध मोजावा. ६० आले तर दोन्ही टोके जागेवर आहेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे. मात्र रोधक पुष्कळदा एखाद्या नियंत्रकाच्या पोटातच बसविलेला असतो, त्यामुळे कोणी तो नियंत्रक सोडवून ठेवला आहे का हे आधी विचारावे. शून्याजवळ आकडा आला तर दोन्ही तारा कोठेतरी एकमेकींस भिडल्या आहेत. ४० आले तर कोणीतरी तिसरा रोधक आणून बसविला आहे, म्हणजे बहुधा दुसऱ्या जातीच्या गाडीचा नियंत्रक. काही नव्या गाड्यांत सॉकेट व आतील तारा ह्यांच्यामध्ये एक दरवान-नियंत्रक असतो. तेथे सॉकेटवरून आतील तारांचा रोध कळत नाही व मोजमाप आतल्या सांध्यावर घ्यावे लागते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ६० ओहम हा आकडा मुख्य तारजोडीचा दाखला आहे. मुख्य तारेपासून एबीएसकडे जाणारा लहानसा फाटा तुटला, तरी टोकांचे दोन रोधक जागच्या जागी असतात आणि आकडा ६० च येतो. कित्येक कारागीर येथेच फसतात. ‘तारा ठीक आहेत’ असे म्हणून ते नियंत्रक बदलावयास सांगतात. खरी परीक्षा ही, की एबीएसचा सांधा सोडवावा व त्याच्या तारेकडील बाजूवर, त्याच दोन पिनांमध्ये, रोध मोजावा. तेथेही ६० आले तर संदेशाचा रस्ता नियंत्रकाच्या दारापर्यंत मोकळा आहे. (मुख्य तारेचे एक टोक एबीएसच्याच पोटात असेल, तर येथे १२० येणे योग्य.) वीज आहे, अर्थिंग आहे, रस्ता आहे, पिनांवर हिरवा कळंक नाही, आणि तरीही नियंत्रक उत्तर देत नाही, असे ठरल्यावरच त्याच्यावर दोष ठेवावा.

एअरबॅगची गोष्ट वेगळी

एअरबॅगच्या नियंत्रकाची तपासणी ह्याच तत्त्वांवर होते, परंतु तेथे हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. पहिली अशी, की पिशवी फुगविण्याचा हुकूम कॅनवरून जात नाही. अपघाताचा धक्का ओळखून ती पिशवी काही मिलिसेकंदांत फुगवावयाची असल्याने नियंत्रकापासून पिशवीच्या दारूपर्यंत वेगळ्या, थेट तारा असतात. कॅनवरून इतर नियंत्रकांस वर्दी जाते: अपघात झाला, इंधन बंद करा, दारांची कुलुपे उघडा. तेव्हा केवळ संदेशवहन तुटले म्हणून पिशवी फुगणार नाहीच असे नव्हे. पण ज्या कारणाने नियंत्रक गप्प झाला ते कारण वीज नसणे हे असेल, तर पिशवीही फुगणार नाही. आणि चालकास ह्या दोहोंतील फरक दिव्यावरून कळत नाही. म्हणून हा दिवा लागलेली गाडी एअरबॅग नसलेली गाडी समजून, आसनपट्टा लावूनच, थेट दुरुस्तीस न्यावी. भारतात चालकासमोरील एअरबॅग १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली. त्यामुळे हा प्रश्न आता थोड्या श्रीमंत गाड्यांपुरता राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट धोक्याची. पिशवीकडे जाणाऱ्या, बहुधा पिवळ्या रंगाच्या, सांध्यांवर साधा मल्टिमीटर रोध मोजण्यासाठी कधीही लावू नये. रोध मोजताना मीटर स्वतः थोडा प्रवाह सोडतो, आणि त्या टोकाला स्फोटक द्रव्य असते. नियंत्रकात साठविलेली वीज बॅटरी सोडविल्यावरही काही काळ टिकते. कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबल्याशिवाय सांधा सोडवू नये. हे काम शिकलेल्या माणसाचेच होय, आणि वाचकांनी ते घरी करून पाहू नये.

हा नियंत्रक पुष्कळ गाड्यांत दोन पुढच्या आसनांमधल्या उंचवट्याखाली, गालिच्याजवळ, बसविलेला असतो. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून धुऊन-पुसून स्वच्छ दिसते. पण गालिच्याखालचा ओलावा आठवडेच्या आठवडे टिकतो व सांध्यातील पिनांवर कळंक चढवीत राहतो. पावसाळ्यात भिजलेल्या गाडीचा एअरबॅगचा दिवा दिवाळीच्या सुमारास लागला, तर कारागिराने आधी गालिचा उचलून पाहावा.

कधी येणारा, कधी जाणारा दोष

सर्वांत त्रासदायक दोष तो, जो गॅरेजमध्ये गाडी आली की नाहीसा होतो. अशा वेळी मीटरचा आकडा पाहत एका हाताने तारांचा जुडगा हलवावा, सांधे हळूच ओढावेत, आणि दाराच्या बिजागरीपाशी किंवा इंजिनाजवळ जेथे तारा सतत वाकतात वा तापतात तेथे विशेष लक्ष द्यावे. संकेतांकासोबत गाडीचा त्या वेळचा वेग, बॅटरीचा दाब इत्यादी माहिती पुष्कळदा नोंदलेली असते, ती वाचावी. दोष नेहमी इंजिन सुरू करतानाच होत असेल, तर तारांआधी जुन्या बॅटरीवर संशय घ्यावा; कारण इंजिन सुरू करताना तिचा दाब फार खाली जातो आणि दुबळ्या बॅटरीने एकाच वेळी अनेक नियंत्रक क्षणभर बंद पडतात. संपर्क तुटल्याच्या पाच-सहा नोंदी एकदम सापडणे, आणि सर्व ‘जुन्या’ म्हणून, चालू एकही नसणे, ही त्याची खूण.

दुरुस्तीनंतर संकेतांक पुसावेत, गाडी रस्त्यावर न्यावी, मोकळ्या जागी एबीएसचा पंप एक-दोनदा चालेल असा ब्रेक दाबून पाहावा, आणि परत आल्यावर स्कॅनरने पूर्वीच्याच यादीतील प्रत्येक नियंत्रकास पुन्हा हाक मारावी.